खालच्या दोन खोल्या धम्मशीलाच्या

लिहून देणार: चतुराबाई भ्र. आश्रुबा गिराम, वय ६३, राहणार परभणी, धंदा: सेवानिवृत्त कारागृह हवालदार. अर्जनवीसाने धंद्यासमोर आधी 'घरकाम' लिहिले होते. ते मी खोडायला लावले. खाडाखोड दिसते ती त्यामुळे, आणि तिच्यावर माझी सही आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे. साखर आणि गुडघे सोडले तर प्रकृतीही बरी आहे. कोणी धाक दाखवलेला नाही. दाखवून उपयोगही झाला नसता. पती वारले, मूलबाळ नाही. घर माझ्या पगारातले आहे, जमीन बापाने दिलेली. या सगळ्याची व्यवस्था माझ्या मागे पुढीलप्रमाणे व्हावी.

१. बोरी शिवारातील माझ्या नावची एक एकर जमीन भाचा योगीराज बन्सीधर अंभुरे याला मिळावी. त्याच्या बारशाला मी सख्खी आत्या असून मला नाव ठेवू दिले नाही. भावजय म्हणाली, "जेलाचा हात लेकराला नको." बराकीत जन्मलेल्या लेकरांची बारशी मात्र याच हातांनी झाली. तिथे त्यांना दुसरी आत्या होती कोण? असो. जमीन बापाची आहे, ती बापाच्या नातवाला जावी.

२. परभणीतील घराचा वरचा मजला योगीराजला. खालच्या दोन खोल्या, मोरी, अंगण आणि बोअरच्या पाण्यातला निम्मा हक्क धम्मशीला खिल्लारे हिला, कायमच्या मालकीने. वरचा जिना बाहेरून आहे, तेव्हा एकमेकांच्या घरातून जाण्यायेण्याची तक्रार कोणी करू नये.

धम्मशीला चारठाण्याची. महिला कारागृह शिपाई म्हणून माझ्या हाताखाली रुजू झाली तेव्हा सरकारी क्वार्टर रिकामे नव्हते. गावात खोली शोधायला गेली, तर निम्म्या लोकांनी खाते विचारून दार लावले आणि उरलेल्यांनी आडनाव विचारून. चोर-दरोडेखोर आम्ही सांभाळायचे, ते यांना निवांत झोप लागावी म्हणून. पण आम्हाला पाठ टेकायला खोली द्यायची म्हटले की यांच्या पोटात दुखते. शेवटी मीच तिला घरी आणले. आज माझी औषधे, दवाखाना, बाजार सगळे तीच बघते. ड्यूटी करून बघते.

यंदाच्या दिवाळीत योगीराज माझ्यादेखत तिला म्हणाला, "आत्या हाय तवर ऱ्हावा. मग दुसरीकडं बघा. मला इथं मेडिकल टाकायचंय." ती "बरं दादा" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पातेली खोक्यात भरायला बसली. मी ती सगळी परत मांडणीवर लावून घेतली. योगीराज, माझ्या जिवंतपणी माझ्या घरात दुकान मांडून मोकळा झालास. तरी वरचा मजला मिळतो आहे, हेच पुष्कळ समज.

३. स्कूटी आणि शिलाई मशीन धम्मशीलाला. मशीन दोरा तोडते, दुरुस्त करून घ्यावे.

४. माझ्या मागे कॉलनीने शोकसभा, फ्लेक्स, काहीही करू नये. टाळेबंदीत आम्हाला बंद्यांसोबत आतच ठेवले होते. बायांना ताप आला तर आम्हीच उशाशी. बाहेर आले तेव्हा कॉलनीत सत्कार चालू. पोलीस झाले, नर्सबाई झाल्या, दूधवाला झाला. त्यांना शाल मिळालीच पाहिजे होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमचे काय म्हणून विचारले, तर कॉलनीचे अध्यक्ष दिनकरराव म्हणाले, "तुमी तर आतच होता की बाई. तुमाला कोण पायलं?"

अहो, आत राहणे हेच तर आमचे काम! हा राग अजून गेलेला नाही. म्हणून साक्षीला मुद्दाम त्यांनाच बोलावले आहे आणि सहीआधी हे कलम मोठ्याने वाचून घेतले आहे.

५. माझी आई बोरीला वारली तेव्हा मी बराकीवर होते. बदलीची बाई आलेली नव्हती. आत बाया, त्यांची लेकरे. दार सोडून जाता येत नव्हते. मी बन्सीधरला फोनवर म्हणाले, "भाऊ, दिस मावळंस्तोवर थांब. मी निघालेच." तो म्हणाला, "पावणे ताटकळलेत. तुला आईपरीस जेलातल्या बाया जवळच्या हायेत." मी गणवेशातच पोचले. सरण विझत आले होते. आईचे तोंड मला दिसले नाही, आणि भावाला त्याचे काही वाटले नाही.

म्हणून माझी अट अशी, आणि योगीराजने ती मोडली तर वरचा मजलाही धम्मशीलाचा. मी जाईन तेव्हा ती ड्यूटीवर असेल, तर तिला बोलावून घेऊ नये. तिनेही दार सोडू नये. बदलीची बाई उशिरा आली तर उशीर. पाहुणे ताटकळले तर त्यांना चहा द्यावा. तिने कपडे बदलत बसू नये, गणवेशातच यावे, माझ्याजवळ बसावे, माझे तोंड नीट पाहावे. ती उठली की मला उचलावे.

ठिकाण: परभणी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

सही: चतुराबाई भ्र. आश्रुबा गिराम

आमच्यासमोर सही केली:
१. दिनकरराव मोगरे, अध्यक्ष, कॉलनी समिती
२. विमला विष्णुपंत जोशी, निवृत्त शिक्षिका, शेजारीण