काचपेटीतल्या नोंदवहीचे मागचे पान

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
माध्यमिक शिक्षण विभाग, जिल्हा कार्यालय.

विषय: शहरातील सर्वात जुन्या सरकारी हायस्कूलच्या इतिहास दालनातील जनरल रजिस्टरचे एक पान उलटण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: माझे यापूर्वीचे सात अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

१. मी या शाळेत एकतीस वर्षे अभिलेख लिपिक होतो. शाळेच्या दीडशे वर्षांच्या स्मरणिकेत 'पहिली विद्यार्थिनी' म्हणून शाळा समितीच्या अध्यक्षांच्या आत्याबाईंचा फोटो छापला आहे. हे खोटे आहे. पहिली मुलगी माझी आई. आत्याबाईंच्या आधी पाच महिने ती दाराजवळच्या बाकावर एकटी बसली. पोरांनी तिच्या दौतीत वाळू घातली, तरी ती रोज शाळेत गेली. आत्याबाई आल्या तेव्हा तिनेच सरकून त्यांना जागा दिली.

२. रजिस्टरमध्ये नावे दाखल झाल्याच्या क्रमानेच चढतात. आत्याबाईंचे पान काचपेटीत उघडे आहे. आई त्याच्या मागच्या पानावर असणार.

३. मुख्याध्यापक म्हणतात, पेटी सीलबंद आहे, उघडायला शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र आणा. आपले कार्यालय म्हणते, पत्रासाठी रजिस्टरचा प्रमाणित उतारा जोडा. उतारा ज्यातून काढायचा ते रजिस्टर पेटीत आहे. अकरा महिने मी या दोन दारांमध्ये चपला झिजवत आहे.

४. कबूल करतो, पान मीच चिकटवले. निवृत्तीच्या आठवड्यात, काचपेटी यायच्या आधी, अध्यक्ष म्हणाले, "आमच्या आत्याचं पान दिसलं पाहिजे हं, पंख्यानं उडायला नको." मी "हो साहेब" म्हणून मागची पाने खळीने डकवली. वाचली नाहीत. आई माझ्या लहानपणापासून सांगत होती, मी कानाआड करत होतो. गावभरच्या लोकांचे उतारे काढून दिले, पण आईचा क्रमांक कधी पाहिला नाही. याची मला लाज वाटते. खळ ओल्या फडक्याने सुटते. पाव तासाचे काम आहे, मी फुकट करीन.

५. आईला शहाऐंशीवे लागले आहे. स्मरणिका आली तेव्हा ती आठवडाभर संतापली होती. आता रोज भिंग घेऊन तेच पान वाचते. परवा मला म्हणाली, "छापलंय म्हणजे खरंच असेल रे. माझाच काहीतरी घोळ होतोय. मी शाळेत गेलेच नसेन." साहेब, तिचा नवरा गेला, दात गेले, ऐकू येणे गेले, तेव्हा ती कुरकुरली नाही. ते पाच महिने मात्र तिचे स्वतःचे होते, आणि ते आपण सगळ्यांनी मिळून काढून घेतले. त्यात मी पहिला. तिच्या डोळ्यांदेखत पान उलटावे. ती गेल्यावर मला ते पाहायचे नाही.

आपला, आठव्यांदा नम्र,
(सही)
निवृत्त अभिलेख लिपिक
दिनांक: ३ डिसेंबर

सोबत:
(अ) सात अर्जांच्या पोचपावत्या.
(आ) आपण मागितलेले आईचे संमतिपत्र. सही करताना तिने नाव माहेरचे लिहिले आहे. मी सांगितले नव्हते. ते दुरुस्त करू नये.