संप मिटवायला मीच जाणार

३ मार्च, कॅनबेरा.
पोर्ट हॅलोरनच्या गोदीत संप. लोकर धक्क्यावर सडतेय. पंतप्रधान म्हणाले, मिटवलास तर उपपंतप्रधानपदाचा विचार करू, नाहीतर मंत्रिपदाचाही करू. दुसरं गमतीनं म्हणाले असावेत. अरे, त्या गोदीत मी पोती वाहिली, युनियन चालवली! गेलो, बोललो, मिटला समजा. जेवायला घरी.

४ मार्च.
बायकोनं, नोरीननं, विचारलं की बंदरात शेवटचा कधी गेला होतास. म्हटलं, निवडणुकीत. कुठल्या, म्हणाली. तिला राजकारणातलं काय कळतंय.

५ मार्च, सकाळ. पोर्ट हॅलोरन.
सरकारी गाडी कोपऱ्यावरच सोडली. साधेपणा. नवे बूट चावले. गेटवर कुणीतरी सुटाचं कापड चिमटीत धरून पाहिलं. प्रेम आहे पोरांचं. युनियनचा सेक्रेटरी बर्ट मॅकगिल्व्रे, माझ्याच तालमीतला. चहाच्या सुट्टीनंतर पाच मिनिटं बोल म्हणाला. पाच खूप झाली.

दुपार.
भाषण फर्मास. देश, त्याग वगैरे झालं. खाली बस, असं ओरडले. मग जुन्या संपाची आठवण काढली, रुमालही काढला. तेवढ्यात बर्टनं विचारलं, संप चालू ठेवायचा? हात वर! सगळे हात वर. त्यांत एक सुटाच्या बाहीतला. बघतो तर माझाच.
माझा काय दोष? या गोदीत सेक्रेटरी 'हात वर' म्हणाला की हात आधी वर जातो, विचार मागाहून. खाली ठेवणाऱ्याशी पुन्हा कुणी चहा पीत नाही. लगेच डोकं खाजवलं. पेपरचा फोटोवाला त्याहून चपळ निघाला.

६ मार्च.
पहिल्या पानावर. माशी हाकलत होतो, असं निवेदन दिलं. मार्चात माशा असतातच. पंतप्रधान फोन घेत नाहीत. कामात असतील.

८ मार्च.
मंत्रिपद गेलं. गेलं तर गेलं! मी कुणाच्या बाजूनं उभा आहे हे देशानं पाहिलं. आता आपल्या माणसांत जायचं. खांद्यावर घेऊन नाचतील. नोरीन म्हणाली, बसनं जा, गाडी परत नेलीय.

९ मार्च, संध्याकाळ. पोर्ट हॅलोरन.
कुणी नाचलं नाही. बर्ट दारूच्या गुत्त्यात भेटला, सोबत चौघं. म्हटलं, बर्ट, त्या एका हातापायी मंत्रिपद घालवून आलोय.
त्यानं ग्लास खाली ठेवला. हसला असता तर बरं झालं असतं.
"मर्व्ह, तुझा हात आम्ही मोजलाच नाही रे. तू सभासद कुठायस आता? बाहेरचा मोजला असता तर मालकांच्या वकिलांनी ठरावच उडवला असता."
फार वाईट वाटलं. बिअर मात्र त्यांनी पाजली. इथं प्रत्येकानं आपल्या पाळीला सगळ्यांना पाजायची असते. माझी पाळी आली, मी उठलो. तर सगळे म्हणाले, बसा हो, पाहुण्यांकडून आम्ही घेत नाही.