टाचेतले तीन खिळे

४ मार्च, सोमवार

आले एकदाची! एक ट्रंक, दोन पिशव्या आणि माझी हत्यारं घेऊन मामांच्या बूटदुरुस्तीच्या दुकानापुढे उतरले, तर कुलूप गंजलेलं. हातोडीचे दोन टोले दिले, मुकाट उघडलं. खाली दुकान, लाकडी जिन्याने वर गेलं की मामांची खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर. दुकान बघून जीव हरखला. कामाचं टेबल खिडकीशी, बूट उलटा चढवायचा लोखंडी पाय घट्ट बसवलेला, आऱ्या आणि चामडं कापायच्या रापी मापाप्रमाणे टांगलेल्या. रोज सकाळी येणारी नर्सबाई धूळही झटकते म्हणे. गुणाची बाई.

मामांची उजवी बाजू पार गेली आहे, वाचाही गेली. डाव्या हाताने माझा हात धरून ढसाढसा रडले. मीही रडले, एवढी शेचाळीस वर्षांची घोडी! युद्ध चालू होतं, मी आठ महिन्यांची होते, तेव्हा बाबा कुठल्याशा बाईबरोबर सरहद्दीपलीकडे पळून गेले. आई मला घेऊन या गावातून शहरात गेली. तेव्हापासून माझी फी, कपडे, हातात पहिली हातोडी, सगळं मामांनी केलं. दर उन्हाळ्यात तेच आमच्याकडे यायचे. आम्हाला मात्र इथे कधी बोलावलं नाही, गावात काय ठेवलंय म्हणायचे. आता त्यांचं करायची पाळी माझी, आणि मी ती आनंदाने करणार.

६ मार्च, बुधवार

दुकान उघडलं. दिवसभरात सात जोड आले, सगळे तरण्याताठ्यांचे. म्हातारी माणसं दारातून डोकावतात आणि तडक पुलापलीकडच्या दुकानात जातात. समोरच्या बाकावर एक निवृत्त पोस्टमन बसतो, त्याच्या बुटातून करंगळी बाहेर आलेली. मी चेष्टेने म्हटलं की काका, ती हवा खायला निघाली आहे, द्या टाके घालून. तो हसला, पण इथे नको मुली, म्हणाला. मी म्हटलं, नको तर नको. माझं काय अडलंय!

९ मार्च, शनिवार

जेवून खाली आले तर फरशीवर ओल्या मातीची पावलं. दारापासून आत चार पावलं, मग काही नाही. सकाळीच गुडघे मोडेस्तोवर फरशी घासली होती, तळपायाची आग मस्तकात गेली. पुसताना बघितलं, तर टाचेत तीन खिळ्यांचे ठसे, तिकोनात, चौकोनी डोक्याचे. असं काम मी कुठे पाहिलेलं नाही. टाचेला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि रस्ता तर महिनाभर कोरडा ठणठणीत आहे.

११ मार्च, सोमवार

आज कामाच्या टेबलापर्यंत. परत जाणारं एकही पाऊल नाही. माझा जन्म तळवे बघण्यात गेला, एक बूट दुसऱ्यासारखा झिजत नाही हे मला कळतं. ही नऊ वेगवेगळी माणसं आहेत. सगळ्यांच्या टाचेत तेच तीन खिळे. कुणाची तरी वात्रट थट्टा असेल, असं मनाला बजावलं. पण जेवायला वर जाताना दार मी आतून लावलं होतं.

१२ मार्च, मंगळवार

पावलं जिन्याच्या पायथ्याशी आली. मी पोस्टमनकाकांना हाताला धरून आत आणलं. ठसे बघितले आणि म्हातारा वाकून एकेका टाचेतले खिळे मोजू लागला. पाणी पाजलं तेव्हा बोलला.

युद्धात हे गाव शत्रूच्या ताब्यात होतं. काही माणसं ओढ्याकाठच्या चिखलवाटेने डोंगरात जायची, लपलेल्या आपल्या लोकांना औषधं आणि निरोप पोचवायची. त्या वाटेवर शेकडो पावलं, पण सैनिक नेमके त्यांच्याच मागावर जायचे. नऊ जण गेले. प्रेतं चौकात टाकली, तेव्हा काकांनी बूट बघितले होते. टाचेत हेच खिळे. गावात बूट दुरुस्त करणारा तेव्हा एकच होता. पुरावा नव्हता, तोंड उघडायची सोय नव्हती. कोण नऊ, विचारलं तर माझ्याकडे बघवेना त्यांना. उठून गेले.

१३ मार्च, बुधवार

टेबलाचा खालचा खण रापीने उचकटला. पॉलिशची जुनी डबी, तिच्यात चौकोनी डोक्याचे खिळे आणि मामांच्या हातची चिठ्ठी. शाळामास्तर, गिरणीवाला, सुईण, सुतार... नववं, सगळ्यात खाली, दाजी.

मामांना बहीण एकच. माझी आई.

वर गेले. हो असेल तर हात दाबा म्हटलं. बाबा पळून गेले नव्हते ना? दाबला. तुम्ही ठोकले? दाबला. जिवाच्या भीतीने? हात तसाच. या दुकानासाठी? सैनिकांनी ते चालू ठेवू दिलं म्हणून? मग दाबला.

दुकानासाठी! याच दुकानाच्या कमाईवर मी वाढले. आणि बाबांना जन्मभर तोंडाला येईल ते बोलले, आईही खालमानेने ऐकत राहिली. मेल्या मामा, तुझं कधी भलं होणार नाही.

१५ मार्च, शुक्रवार

पावलं रोज चार-पाच पायऱ्या चढतात. नर्सबाईने आज जिना बघितला आणि हबकली. मामांना आजच दवाखान्यात हलवू, गाडी बोलावते म्हणाली. मामा डोळ्यांनी विनवत होते. मी गाडी नको म्हटलं. तिलाही उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला भीती वाटते, खोटं कशाला लिहू. पण त्याहून जास्त बरं वाटतं. येऊ देत.

१६ मार्च, शनिवार

मामांचे काळे बूट खाली आणले. लोखंडी पायावर चढवले. डबीतले खिळे घेतले. एका टाचेत तीन, दुसऱ्या टाचेत तीन, तिकोनात. येणाऱ्यांना ओळख पटायला हवी. इतकं नेटकं काम मी कधी केलं नव्हतं. वर नेऊन मामांच्या पायांत घातले, नाड्या आवळल्या. ते लाथ मारायला गेले डाव्या पायाने. मी हसले.

पाच पायऱ्या उरल्या.

१७ मार्च, रविवार, दुपार

शेवटची पायरी ओली आहे. मी पलंगासमोर खुर्चीत. मांडीवर हातोडी, तिच्यावर वही. मामांच्या टाचा दाराकडे.

उंबरठ्यावर उमटतायत. माणूस नाही, नुसती पावलं. दोन — पाच — नऊ. शेवटच्या जोडाची डावी टाच बाहेरून झिजलेली, माझी झिजते तश्शी —

बाबा.

पलंगाभोवती थांबलीत. घ्या. न्या त्याला, फरफटत न्या —

का नेत नाहीत? त्याच्याही टाचेत तेच खिळे — आपल्यातलाच समजतायत?

मामांचा डावा हात वर येतोय. बोट — माझ्याकडे. हातोडीकडे. पुन्हा तेच! पुन्हा स्वतःला वाचवायला दुसऱ्याला —

पावलं वळली.

हो, ठोकले मी, पण त्याच्याच — तुमच्या नाही, मी नव्हते ती — मी तेव्हा —

बाबा सगळ्यांच्या पुढे. एवढी मोठी झालेली त्यांनी मला कुठे पाहिलीय. ओळखणार कसे —

खुर्चीशी चिखल — गार —

बाबा, मी तुमची