माझ्या भिंती, अक्काचं सामान

८ मे
जिन्याखालच्या मीटरनं पेट घेतला त्याला आज पाच दिवस. खाली आमची पुढची खोली, वर शोभाअक्काची, म्हणजे मोठ्या जावेची. दोन्ही काळ्याठिक्कर. माझी शिलाई मशीन, लग्नाचा शालू, टीव्ही, सगळं गेलं. जीव वाचले हे दहा जणांनी ऐकवून झालं. हे म्हणाले, "कर्ज घेताना घराचा विमा उतरवलाय की."

१० मे
विम्याचा सर्व्हेअर आला. भिंती, स्लॅब, दारं, वायरिंग लिहून घेतलं. भिंतीतलं कपाटही. म्हटलं, त्यातल्या साड्या लिहा.
"कपाट भिंतीत बसवलंय, म्हणून इमारतीत धरलं. साड्या म्हणजे सामान. तुमची पॉलिसी फक्त इमारतीची."
"आणि मशीन?"
"तेही सामानच."
मग वर गेला. अक्काची सामानाची वेगळी पॉलिसी निघाली! टीव्ही, गाद्या, मशीन, सगळं यादीत. मला एका शब्दानं बोलली नाही. म्हणे एका घरात राहतो.

११ मे
हे म्हणतात, बोलली होती. दिवाळीत फॉर्म घेऊन खाली आली, तेव्हा मीच हसले, "माझ्या वाट्या-चमचे कोण नेतंय?" असेल. आठवतंय थोडं. तरी राग जाईना, वाढतोच आहे. तिला सगळं कोरं येणार. मला धुराच्या वासाची गादी.
जिन्यात भेटली. "जेवलीस का गं?" मी नुसती मान हलवली.

१३ मे
सर्व्हेअर पुन्हा. अक्काच्या मोटरच्या शिलाई मशीनवर अडलं. जळका सांगाडा भाऊजींनी, अक्काच्या नवऱ्यानं, भंगारात दिलेला, बिल जळालं, फोटो नाही. अक्का जिन्यातून ओरडली, "हिला इचारा की! हिनं रोज बघितलीय."
त्यानं मला विचारलं, आग लागली तेव्हा मशीन वर होती का?
होती. माझी बंद पडलेली, म्हणून आदल्या दिवशी त्याच मशीनवर चार ब्लाउज शिवले मी.
"मला नीट आठवत न्हाय," म्हटलं.
त्यानं लिहून घेतलं. अक्का पायरीवरच बसली. बरं वाटलं. इथं खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं.

१४ मे
भाऊजी यांना सांगत होते, एका मशीनमुळं आता सगळ्या यादीवरच संशय घेतायत. टीव्ही, गाद्या, सगळंच अडकलं. हे मला, "तू काय सांगितलंस?" मी भाकरी थापत राहिले. जेवण गेलं नाही.

१५ मे
सकाळी अक्का दारात. वाटलं भांडणार. "खरंच आठवत न्हाय तुला?" एवढंच.
तोंडातून निघून गेलं, "तुम्हाला सगळं नवीन येणार. मला काय?"
तिचे डोळे भरले. "मला कुटं तुझ्यासारखं शिवता येतं? नवी मशीन आली की खालीच ठेवणार हुते."
खरं, की आत्ता सुचलं? ती गेल्यावरही हेच घोळत होतं डोक्यात. शरमही वाटेना नीट.
दुपारी यांच्याकडून नंबर घेऊन सर्व्हेअरला फोन लावला.
"बोला मॅडम."
"त्या वरच्या मशीनचं..." म्हटलं, आणि दार लोटून घेतलं.
"बोला ना, ऐकतोय."
"होती वर," म्हटलं, "आदल्या दिवशी मीच शिवलं तिच्यावर."