दाढेतली चांदी मिठाईत सापडली

बाबा,

मुळ्याचं किमची चावताना दाढेतली चांदी पडली, असं काल तुम्ही शपथेवर सांगितलंत. आज ती मला सापडली. सोहाच्या परीक्षेला शुभेच्छा म्हणून मावशीने पाठवलेल्या यॉत मिठाईच्या डब्यात, एका चिकट तुकड्यात रुतून बसली होती. सोहा म्हणते, "मी डबा उघडलाच नाही, आजोबांना विचार."

तुम्हाला डायबेटिस आहे, आणि परवाच्या तपासणीचा कागदही घरात कुठे दिसत नाही. साखर किती आली होती?

चार वाजता दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय, मी दुकान लवकर बंद करून येते. टोफूचं सूप झाकून ठेवलंय. डाव्या बाजूने चावा.

आईसुद्धा "काही नाही गं" म्हणायची आणि मी विश्वास ठेवायचे. आता ठेवणार नाही.

हेजू