पुसलेला ठिपका

दि. ४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीचं पत्र आलं. स्टुडिओला कुलूप लागल्यापासून तुम्ही खिडकीशी बसून असता आणि आता कॅमेराही समोरच्या घड्याळवाल्याला देऊन टाकणार आहात, असं ती लिहिते. वाचून मला रडू आलं, मग राग आला. देण्याआधी माझं एक काम करा.

भाची संग्रहालयात माशा मारते, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मारत नाही, ओळखते. लोक बाहेरून फोटो पाठवतात आणि मी माशीची जात कळवते. सध्या लांबटांग्या माशांचं सचित्र पुस्तक चाललंय. त्यातल्या एका जातीचा आमच्याकडे एकच नर आहे, मेलेला, पुढचे पाय गळालेला. जिवंत कुणी पाहिलेला नाही. ही माशी ओल्या चिखलावर राहते, आणि तुमच्या घरामागे तळं आहे. अर्ध्या तांदळाएवढी, हिरवी चकाकणारी. फोटो बाजूने घ्या, पाय आणि पंख दिसले पाहिजेत.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो थोडा माशीवरही करावा.

तुमची,
चिमी

दि. १७ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यापायी या वयात चिखलात पालथा पडलो. शेजारच्या सुताराने काय हरवलंय म्हणून विचारलं. माशी शोधतोय म्हटल्यावर तो थेट घरी जाऊन तुझ्या मामीला माझ्या तब्येतीबद्दल विचारून आला.

माझ्या हिशेबाने ही तुझीच माशी. दोन फोटो सोबत आहेत, नीट स्वच्छ करून. उपयोगी पडले तर कळव, नाहीतर पुढच्या रविवारी घड्याळवाला कॅमेरा घेऊन जाईल. त्याला शब्द दिलाय.

तब्येतीला जप.

तुझा,
मामा

दि. २३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोटो पाहून आमच्या विभागप्रमुख बाई खुर्चीतून उठल्या. सगळं जुळतंय, पण मेलेल्या नराच्या पंखाच्या टोकाला काळा ठिपका आहे आणि तुमच्या माशीचे पंख कोरे. बाईंना वाटलं, नवीनच जात सापडली. दिवसभर आम्ही हवेत होतो.

संध्याकाळी माझं लक्ष चिखलाकडे गेलं. त्यावर एक कण नाही, मामा. असा चिखल मी जन्मात पाहिला नाही. मग माझा दहावीचा फोटो आठवला. तुम्ही सगळे मुरूम काढून टाकलेत आणि शाळेतल्या बाईंनी ही मुलगी कोण म्हणून विचारलं होतं. खरं सांगा, माशीलाही हात लावलात ना? मूळ फोटो असतील तर तेच पाठवा. आणि रविवारचं पुढे ढकला, हात जोडते.

रागावू नये, माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
चिमी

दि. ५ एप्रिल

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

लावला. जित्याची खोड, दुसरं काय. ठिपका मला धूळ वाटला आणि पुढच्या पायांच्या टोकांशी काळं काही दिसलं ते चिखल वाटलं. दोन्ही पुसलं. मूळ फोटो उरले नाहीत, काम झाल्यावर कच्चा माल मी कधी ठेवतो? म्हणून घड्याळवाल्याला थांबवलं आणि पुन्हा तळ्यावर गेलो. या खेपेला तुझी मामीही आली, मला उठवायला कुणीतरी हवं म्हणून.

तिथे नर मादीसमोर उभा राहिला आणि पुढचा एकेक पाय उचलून हलवू लागला. टोकाशी काळा, चपटा, वल्ह्यासारखा भाग. तो चिखल नव्हता. तोच तर तो तिला दाखवत होता, आणि मी शहाण्याने नेमका तोच पुसला होता. फार ओशाळलो. फोटो सोबत आहेत, एका कणालाही हात लावलेला नाही.

घरी येताना मामीने विचारलं, की तिच्या भुवईवरचा व्रण लग्नापासून प्रत्येक फोटोतून का जातो. तिथेच बांधावर तिला उभं केलं. तोही फोटो पाठवतोय.

कॅमेरा देणार नाही, असं घड्याळवाल्याला आज सांगून टाकलं. तो रागावलाय, रागावू दे. पुढे कोणती माशी हवी ते लिही.

तुझा,
मामा

ता. क. चिमे, मी मामी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फोटोतली बाई ओळखीची वाटली. भिंतीवर लावलाय.