उपडा पेला

भवानी पेठ, सोलापूर
६ जानेवारी २०२४

ती. प्रभाआत्यास,
इंद्रायणीचा सा. न. वि. वि.

फोनवर आपली जुंपते आणि मध्ये बाबांची फरपट होते, म्हणून हे पत्र.

शहरातल्या जुन्या दारूच्या आणि शिंदीच्या दुकानांचे फोटो, आठवणी मी वर्षभर गोळा करतेय. आता प्रदर्शन ठरलं. परवा धुळाप्पांनी, म्हणजे मिलमधल्या आपल्या जुन्या गिऱ्हाइकानं, शांतम्मा आजीच्या शिंदीच्या दुकानाचे तीन फोटो दिले. आजी गल्ल्यावर पदर खोचून बसलीय. मागे फळीवर गिऱ्हाइकांचे जर्मनचे पेले, ज्याचा त्याचा ठरलेला. कोणता कुणाचा ते धुळाप्पांनी घडाघडा सांगितलं. पण तिन्ही फोटोंत टोकाचा एक पेला उपडा आहे. तो कुणाचा, विचारल्यावर मान खाली घालून बसले. तुला आठवतं का? शाळा सुटली की तू तिथंच असायचीस म्हणे.

आजीचा फोटो दारासमोरच लावणार आहे. माया आहे तशीच असू दे, रागासकट.

तुझी,
इंद्रायणी

अकलूज
११ जानेवारी

चि. इंद्रायणी हिस,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्यांची दुकानं लाव की, कोण नको म्हणतंय? आपलं तेवढं वगळ. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले मी. गावात मला बाई म्हणतात, शिंदीवालीची पोर म्हणत नाहीत. पुढच्या महिन्यात आपल्या अनीशचा साखरपुडा आहे. त्याच्या होणाऱ्या बायकोच्या, राजनंदिनीच्या घरी सुपारीचं खांडसुद्धा चालत नाही. नातवाचं लग्न तुझ्या फोटोपायी मोडलं तर कुणाला तोंड दाखवू? झाकली मूठ सव्वा लाखाची. मोठ्यांचं कधीतरी ऐकावं.

बाबांना गोळ्या वेळेवर दे. आशीर्वाद आहेतच.

तुझी आत्या,
प्रभा

सोलापूर
१६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी मूठ झाकलेली असेल. आजीची कधीच नव्हती, ती भर पेठेत गल्ल्यावर होती. फोटो निघणार नाही. ज्या दुकानावर तू शिकलीस आणि बाबांचं घर उभं राहिलं, ते मी लपवणार नाही. राजनंदिनीला मी भेटलेय, ती इतकी कच्ची नाही. आणि तिच्या घरच्यांना आजी चालत नसेल, तर त्यांना आपण तरी कशाला चालावं?

उपड्या पेल्याचं तू सांगितलं नाहीस, म्हणून मीच ठरवलं. वारलेल्या कुणा गिऱ्हाइकाची आठवण म्हणून आजीनं तो तसा ठेवला असणार. फोटोखाली तेच लिहिलंय. रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझीच,
इंद्रायणी

अकलूज
२० जानेवारी

चि. इंद्रायणी हिस,
आशीर्वाद.

चुकीचं लिहून माझ्या आईला भिंतीवर टांगू नकोस. तो पेला कुणा मेलेल्याचा नव्हता. तो माझ्या अण्णांचा, तुझ्या आजोबांचा, सिद्रामप्पांचा. त्या वेळी ते चांगले हिंडतेफिरते होते.

आईच्या दुकानाची एक रीत होती. नवऱ्यानं पिऊन घरी दंगा केला की बायको मागच्या दारानं येऊन आईला सांगायची. आई त्याचा पेला उपडा करायची. बायको पुन्हा येऊन सांगेपर्यंत त्या माणसाला तिथं थेंब मिळत नसे. मग मिलमध्ये कितीही मोठा मुकादम असो.

एकदा अण्णांनी पिऊन माझं दप्तर चुलीत घातलं. बाकीच्या बायका आईकडे यायच्या, आईनं कुणाकडे जावं? सकाळी तिनं स्वतःच अण्णांचा पेला उपडा केला, आणि भरल्या दुकानात सांगितलं की तुमाला हितं मिळायची न्हाय, आनि पोरगी उद्यापास्नं साळंला जाईल. धुळाप्पा तिथंच होते. आमची लाज राखायला ते आजवर गप्प राहिलेत.

अण्णांनी हातापाया पडून पाहिलं. सुलटा करायचा हक्क बायकोचा. तिनं केला नाही. ते गेल्यावरही नाही.

तेव्हा तुझं ते लिहिलेलं काढ आणि हे लाव, नावानिशी. खाली माझंही नाव घाल, हुद्द्यासकट. राजनंदिनीच्या घरी मी कालच जाऊन सगळं सांगून आले आणि प्रदर्शनाचं आमंत्रणही दिलं. मोडायचं असेल तर मोडू दे. मी फोटोशेजारी उभी राहणार आहे. ज्याला विचारायचंय त्यानं मला विचारावं.

पेला माझ्याकडे आहे, स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. येताना आणते. मांडशील तेव्हा उपडाच मांड.

भांडत राहा, पण माझीच राहा.

तुझी आत्या,
प्रभा, शांतम्माची मुलगी